डाव्या अंगाची कमान

मोटार ओढ्यात बसली तेव्हा केशवराव बोलत होते, आणि मोटार बसली एवढ्या कारणासाठी बोलणं थांबवायची त्यांची रीत नव्हती. "तवा मी बद्रीनाथरावाला साफ सांगून आल्तो," ते म्हणत होते, "आमी मोटारीनं येणार, दुपारी एकच्या आत टिळा लावणार, आन् जेवून परतणार. बैलगाडीवाल्यावानी मुक्कामाचं लोढणं आमी कुणाच्या गळ्यात घालत न्हाई." एवढं बोलणं पुरं करूनच त्यांनी डावीकडे खाली पाहिलं. फार वाकावं लागलं नाही. गाडीची डावी बाजू एव्हाना जमिनीच्या भेटीला निघालेली होती.

आवाज काही मोठा झाला नव्हता. मागल्या डाव्या चाकावर टणकन काहीतरी तुटलं, गाडी एकदा कण्हली आणि बसली. डाव्या पायरीवर उभे असलेले धाकटे भाऊ जगन्नाथराव घोटाभर पाण्यात उतरले. उतरले म्हणण्यापेक्षा ठेवले गेले. एका हातानं टपाची कांब तशीच धरलेली होती आणि तोंडातलं "होय दादा" अर्धंच राहिलं होतं.

पुढच्या गादीवर नणंद आणि दार यांच्यामध्ये चेपून बसलेल्या त्यांच्या बायकोनं, सगुणाबाईनं, डोळे मिटले. आज तिच्या मुलीचा, तारेचा, टिळा होता. घरच्या थोरल्यानं जालन्याला जाऊन नवऱ्या मुलाच्या कपाळी कुंकू लावलं की सोयरीक पक्की. यात मुलीच्या आईचं खरं म्हणजे काही काम नसतं. पण नणंद तुळजाबाईंनी हट्ट धरला होता की पुरुषांच्या मेळ्यात एकली बाई मी जाणार न्हाई, सोबतीला सगुणा पायजे. तेवढ्या पुण्याईवर ती मोटारीत होती. बद्रीनाथरावांचा निरोप स्पष्ट होता: एकपर्यंत वाट पाहू, उद्यापासून गुरूचा अस्त, म्हणजे मंगलकार्य बंद, आणि चार वाजता पिंपळगाव रेणुकाईचे पाहुणे त्यांची मुलगी सांगायला येणार आहेत. नाही म्हणायला आम्हाला काही कारण असायला हवं.

ते कारण म्हणजे हा टिळा होता, आणि कारण ओढ्यात बसलं होतं.

सगुणाबाईचा जीव या स्थळावर का जडला होता हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. मुलगा शरदचंद्र, बद्रीनाथरावांचा नातू, शाळेत गणित शिकवत होता, जालन्याच्या कादराबादेत स्वतःचं घर होतं, हे सगळं चांगलंच. पण दिवाळीत ती माणसं तारेला पाहायला आली तेव्हा म्हाताऱ्या बद्रीनाथरावांनी तिसऱ्या लाडवाला हात घातला आणि त्यांची थोरली नातसून सगळ्यांसमोर म्हणाली, "आजोबा, तिसरा न्हाई." म्हाताऱ्यानं लाडू मुकाट्यानं परत ठेवला. वर हसला. सगुणाबाईनं हे दाराआडून पाहिलं आणि त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेना. त्या घरात सुना बोलत होत्या.

घनसावंगीला तिच्या स्वतःच्या घरात बावीस वर्षांत ती थोरल्या दिराशी, केशवरावांशी, एक अक्षर बोलली नव्हती, तेही तिच्याशी नाही. त्यांनी छळलं असं कोणी म्हणणार नाही. रीतच तशी. मीठ कमी पडलं तर ते भिंतीला सांगत, मीठ वाढताना ती जमिनीला उत्तर देई. त्यांना हाक मारायची वेळ आली असती तर काय म्हणून मारायची, तो शब्दही तिच्याकडे नव्हता. आणि हे स्थळ हातचं गेलं तर केशवरावांच्या मनात गेवराईकडचं दुसरं तयार होतं. चाळीस माणसांचं घर, सहा भाऊ, नवरा मुलगा सगळ्यांत धाकटा. म्हणजे तारेला पाच थोरले दीर.

"मच्छिंद्र," केशवराव गादीवरूनच म्हणाले, "काय झालं बघ."

मच्छिंद्र ड्रायव्हर आधीच गाडीखाली पाहून आला होता. "चाकावरची कमान गेली, सरकार. मेन पाटा तुटून राह्यला. तुमी उतरल्याबगर गाडी हालत न्हाई."

उतरणं ही गोष्ट केशवरावांना मनाला लावून घ्यावीशी वाटली, पण पाणी पायरीवर आलं होतं. ते उतरले. ते उतरताच गाडी वीतभर वर आली.

ओढ्यापलीकडे पाच-पंचवीस घरांची वाडी होती. वाडीत लोहार होता, आणि वाडीतल्या आठ जणांनी ढकलत गाडी त्याच्या दारात नेली. हा कडूबा लोहार साठीचा, काटक, एका डोळ्यात फूल पडलेला. जन्मभर त्यानं नांगराचे फाळ आणि बैलगाडीच्या चाकांच्या लोखंडी धावा केल्या होत्या. मोटार त्यानं लांबून पुष्कळ वेळा पाहिली होती, खालून आजच पाहत होता. तो आडवा होऊन आत गेला, बराच वेळ आत राहिला, मग उजव्या बाजूनं बाहेर आला आणि पुन्हा डावीकडे गेला.

तेवढ्या वेळात लिंबाखाली घरची बैठक भरली. घड्याळ केशवरावांच्या खिशात होतं. त्यात साडेआठ झाले होते आणि जालना अजून बारा कोस होतं.

सगुणाबाई नणंदेला म्हणाली, "वन्सं, त्यांना म्हनावं, वाडीत बैलांची दमणी असंल. अंबडपर्यंत दमणीनं जाऊ, तिथून पुढं काही तरी भेटंल."

केशवराव तिच्यापासून तीन हातांवर उभे होते आणि त्यांचे कान शाबूत होते. पण रीतीप्रमाणे तुळजाबाईंनी मान वळवली आणि म्हणाल्या, "केशव, सगुणा म्हन्ती, दमणीनं जाऊ."

"आक्का, तिला सांग," केशवराव लिंबाच्या शेंड्याकडे पाहत म्हणाले, "बद्रीनाथरावाला मी मोटारीचं सांगून बसलो. दमणीतून उतरलो तर म्हाताऱ्याचे लोक म्हनतील, मोटार विकून खाल्ली."

"केशव म्हन्तो, मोटारीचं सांगून बसलोय."

"वन्सं, म्हनावं, अंबडहून सर्व्हिस मोटार हाय."

"ती तिसऱ्या प्रहरी जाते. आन् तिच्यात कोंबड्या बी असतात. सांग तिला."

"कोंबड्या असतात म्हन्तो," तुळजाबाई म्हणाल्या. आपण दोघांमधलं टपालखातं झालो आहोत याचा त्यांना हळूहळू कंटाळा येत होता, पण भावाच्या शब्दाबाहेर त्या आजवर गेल्या नव्हत्या. माहेरची साडीचोळी थोरल्याच्या हातून येते. "मला बी त्याचंच बराबर वाटून राह्यलं, सगुणा. सोयऱ्याच्या दारात मानानं जावं. आता इतका उशीर झालाच हाय, त्यात आनिक घटकाभर."

सगुणाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. जगन्नाथराव धोतराचा सोगा पिळत होते. अकरा वर्षं मोटारीच्या पायरीवर उभं राहून त्यांचे केस कायमचे एका बाजूला झोपले होते. बाप त्यांच्या लहानपणीच गेला आणि थोरल्यानं त्यांना वाढवलं, हे ते कधी विसरले नाहीत, कोणी विसरू दिलंही नाही.

"तुमी तरी बोला," ती हळू म्हणाली. "पोर तुमची बी हाय."

"दादा बघून राह्यले ना," जगन्नाथराव म्हणाले. "दादा बघतील ते बराबरच असंल."

"दादा झाडाचा शेंडा बघून राह्यले."

जगन्नाथरावांनीही शेंड्याकडे पाहिलं. तिथं एक होला बसला होता.

इतक्यात कडूबा हात पुसत आला. "मालक, एक इचारू का? रागावू नका. या मोटारीत उजवीकडं कोन बसतं?"

प्रश्न साधा होता, उत्तर अवघड होतं.

कारण असं होतं. अकरा वर्षांपूर्वी जालन्याच्या एका कापसाच्या जिनवाल्याकडून ही जुनी मोटार घेतली, त्या दिवशी केशवराव मागच्या गादीवर डावीकडे बसले, आणि ती जागा मानाची झाली. थोरल्याच्या खांद्याला खांदा लावून धाकट्यानं बसू नये, म्हणून जगन्नाथराव डाव्या पायरीवर उभे राहू लागले; उजव्या पायरीवर उभं राहिलं तर दादांचं बोलणं ऐकू येत नसे. भावजयीनं थोरल्या दिराच्या गादीवर बसायचा प्रश्नच नव्हता, म्हणून ती पुढे, आणि ड्रायव्हर उजवीकडे असल्यामुळे पुढेही डावीकडेच. केशवरावांची बायको द्वारकाबाई बसली असती, पण चारचौघांत नवऱ्याशेजारी बसणं तिला निर्लज्जपणा वाटे, आणि शिवाय तिला मोटार लागे. असं करत सगळं घर अकरा वर्षं डाव्या बाजूला लटकून हिंडलं.

"पागोट्याचा डबा," शेवटी मच्छिंद्र म्हणाला. "उजवीकडं सरकारच्या पागोट्याचा डबा असतो."

कडूबानं डब्याकडे पाहिलं. डबा पत्र्याचा होता, वर मोर काढलेला. "तरीच. उजवी कमान नव्या नवरीवानी हाय. डाव्या अंगाचे सातीच्या साती पाटे सपाट झाल्ते, वरचा आज तुटला. दोस लोखंडाचा न्हाई मालक. लोखंड बिचारं लई दिस बोललं न्हाई."

केशवरावांना हा शेरा आवडला नाही. "तू जोड. उपदेश नको. मुंबईहून नवी कमान मागवू."

"लढाईत मुंबईहून खिळा येईना, सरकार," मच्छिंद्र पुटपुटला. लढाईचं दुसरं वर्ष चालू होतं.

"जोडतो," कडूबा म्हणाला. "पन काय जोडतो ते ऐका. माझ्यापाशी गाडीच्या चाकाची जुनी धाव हाय. तिचा तुकडा काढून, वाक देऊन, तुटक्या पाट्यावर बसवतो आन् चार कड्या घालतो. खाली बाभळीचा ठोकळा. पन धावंचं लोखंड मऊ, ते पोलाद न्हाई. जड मानूस तिथं बसला की कोसभरात गाडी पुन्यांदा खाली. बिलकुल रिकामं बी ठिवता यायचं न्हाई, रिकामा पाटा उडतो आन् कड्या निसटतात. दाबून धरायला हलकं मानूस पायजे."

"दगड ठेवू," मच्छिंद्र म्हणाला.

"दगड बी उडतो. मानूस धरून बसतं."

भाता दोन तास चालला. सगुणाबाई ऐरणीपासून हलली नाही. लाल झालेला धावेचा तुकडा घणाखाली वाकताना ती पाहत होती आणि मनात हिशेब करत होती तो तासांचा होता. एकदा कडूबानं तिच्याकडे पाहून विचारलं, "पोरीचं कार्य हाय का बाई?" ती हो म्हणाली. बाहेरच्या परक्या पुरुषानं तिला सरळ प्रश्न विचारला आणि तिनं सरळ उत्तर दिलं, आभाळ कोसळलं नाही. कडूबानं त्यानंतर दोन कड्या जास्त घातल्या.

पावणेअकरा वाजता गाडी चार पायांवर उभी राहिली आणि खरी अडचण तेव्हा सुरू झाली.

"दादा, उजवीकडं बसा," असं म्हणायचं जगन्नाथरावांनी ठरवलं होतं. ते दोनदा दादा म्हणाले आणि दोन्हीदा थांबले.

"मला समजलं," केशवराव म्हणाले. "मी उजवीकडं बसतो, असं तुमचं म्हन्नं. मंग माझ्या जागी कोन बसंल?"

मच्छिंद्र इंजिनाचा दांडा पुसू लागला.

"जगू, तू बसशील?"

"मी?" जगन्नाथराव दोन पावलं मागे सरले. "तुमच्या जाग्यावर? दादा, माझे पाय झडतील."

"आक्का?"

कडूबानं तुळजाबाईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नम्रपणे मान हलवली. तुळजाबाई रागावून पुढच्या गादीवर जाऊन बसल्या. त्या जागेला धोका नव्हता, पुढची कमान वेगळी होती.

"बघा," केशवराव म्हणाले. या क्षणी त्यांना आपला मुद्दा सिद्ध झाल्याचं समाधान वाटत होतं, आणि त्या समाधानापायी वाचवायची होती ती सोयरीक बुडत होती हे त्यांच्या ध्यानात येत नव्हतं. "घराण्याचा मान म्हंजी काय खेळ न्हाई. अकरा वर्सं ज्या जागी मी बसलो तिथं कुनीही उठून बसावं? त्यापेक्षा मोटार इथं राहू द्या. मी बी इथंच थांबतो. बद्रीनाथरावाला मानूस पाठवू. जमलं तर जमलं. गेवराईचं स्थळ कुठं पळून चाललंय?"

जगन्नाथरावांनी मान खाली घातली. तुळजाबाईंनी पुढून नुसता उसासा सोडला. मच्छिंद्र इंजिनाच्या दांड्याशी उभा होता. सगुणाबाईनं चौघांकडेही एकेकदा पाहिलं. ती घाबरली होती. पण पाच थोरल्या दिरांच्या घरात पदराआडून मीठ वाढणारी तारा तिला दिसली आणि त्या भीतीचं तिला काही वाटेनासं झालं.

ती चालत गेली, मागचं डावं दार उघडलं आणि मानाच्या जागेवर बसली. गादी तिथं खोलगट झाली होती. तिच्यासारख्या दोन बायका त्या खळग्यात मावल्या असत्या. तिनं एका हातानं दार ओढून घेतलं, दुसऱ्यानं टपाची कांब धरली आणि समोर न पाहता, जमिनीकडे न पाहता, सरळ थोरल्यांकडे पाहून म्हणाली,

"उजवीकडं बसा. पोरीचा टिळा हाय, अकरा वाजून राह्यले."

हाक नव्हती, नातं नव्हतं, काही नव्हतं. बावीस वर्षांत शब्द सापडला नव्हता, आता शोधायला वेळ नव्हता.

"अगं," जगन्नाथराव म्हणाले, आणि पुढं त्यांनाही काही सापडलं नाही.

केशवराव उभेच राहिले. तिच्या बोलण्याला उत्तर द्यायचं तर तिच्याशी बोलावं लागलं असतं. भिंतीला सांगायचं तर इथं भिंत नव्हती. त्यांनी तुळजाबाईंकडे पाहिलं. तुळजाबाई समोरच्या काचेतून रस्ता पाहत होत्या, आणि त्या म्हणाल्या, "माझ्याकडं बघू नको, केशव. तिनं तुलाच सांगितलं."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत झाली. वाडी भोवती जमली होती. कडूबा एका डोळ्यानं पाहत होता. केशवरावांनी उजवं दार उघडलं, पागोट्याचा डबा उचलला, मांडीवर घेतला आणि बसले. गाडी उजवीकडे थोडी झुकली, अकरा वर्षांत पहिल्यांदा, आणि सरळ उभी राहिली. जगन्नाथराव धावत वळसा घालून उजव्या पायरीवर चढले. बाजू बदलली, पायरी सुटली नाही.

मोटार अंबडच्या वाटेला लागली. एका गादीवर दोन टोकांना थोरला दीर आणि भावजय, मध्ये हातभर मोकळी जागा. प्रत्येक खड्ड्याला सगुणाबाई कांब घट्ट धरी आणि आपलं वजन जितकं असेल तितकं त्या धावेच्या तुकड्यावर दाबी. जालन्याची वेस दिसली तेव्हा बारा वाजून चाळीस मिनिटं झाली होती आणि तिच्या तळव्याला फोड आला होता.

कादराबादेच्या गल्लीत मोटारीचा भोंगा वाजला तशी माणसं दारात आली. पुढे बद्रीनाथराव, हातात गुलाबदाणी. मागल्या खेपेला केशवराव डाव्या दारातून उतरले होते हे म्हाताऱ्यानं लक्षात ठेवलं होतं, म्हणून तो डाव्या दाराशीच जाऊन उभा राहिला. त्यानं दार उघडलं, गुलाबदाणी उचलली आणि समोर डोक्यावर पदर घेतलेली सगुणाबाई पाहून हात तसाच राहिला.

मागे बायकांत कुजबुज झाली. थोरला दीर आणि भावजय एका गादीवर, आणि तीही मानाच्या अंगाला. घनसावंगीकडं हे असलं चालतं की काय?

केशवराव पलीकडून उतरले. आता खरं सांगायचं तर लोहारानं आपल्याला उजवीकडं बसवलं आणि आपल्या वजनानं कमान मोडली हे सांगावं लागणार होतं. त्यांनी पागोटं डब्यातून काढून डोक्यावर ठेवलं, त्यासरशी बुद्धीही ठिकाणावर आली.

"आमच्या घराण्याची रीत हाय," ते मोठ्यानं म्हणाले. "टिळ्याच्या दिवशी मुलीच्या आईला मानाची जागा. त्या दिवशी थोरला बी बाजूला सरतो."

बद्रीनाथरावांनी भुवया वर केल्या. "वा. ही रीत मी ऐकली नव्हती."

"जुनी हाय."

"आमच्या पणजीपासूनची," तुळजाबाई पुढच्या दारातून उतरता उतरता म्हणाल्या. त्यांनी साडी नीट केली, भावाकडे एकदा पाहिलं, भावजयीकडे एकदा पाहिलं, आणि पन्नास वर्षांत केलं नव्हतं ते केलं. "आन् टिळा बी मुलीची आईच लावती. केशव सांगायचा राह्यला."

केशवरावांचं तोंड उघडलं होतं. पण रीत जुनी असल्याचं नुकतंच ते स्वतः बोलले होते, आणि पणजीच्या रीतीत अर्धी खरी अर्धी खोटी असं काही करता येत नव्हतं. "होय," ते म्हणाले. "तीच लावती."

"मंग लई चांगली रीत हाय," बद्रीनाथराव म्हणाले, आणि त्यांनी सगुणाबाईवर गुलाबपाणी शिंपडलं. "या बाई. जपून उतरा."

पाट मांडला होता. शरदचंद्र पाटावर बसला होता, अंगात नवा सदरा, कानामागे शाळेचा खडू लागलेला राहिला होता. सगुणाबाईनं करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवलं. तिला वाटलं, कुंकू सांडेल आणि हे सगळं खोटं ठरेल. मुलानं मान थोडी खाली केली आणि हळूच विचारलं, "काकू, वाटेत त्रास झाला का?"

"कमान तुटल्ती," ती म्हणाली. "पन आलो."

पलीकडे केशवराव खोकले. तिनं टिळा लावला. कपाळावर तो जरा लांबट उठला, पण बरोबर मधोमध उठला.

जेवताना केशवरावांनी पणजीची सगळी हकीकत सांगितली. पहिल्या भाताला पणजी फक्त मानी होती. वरण येईपर्यंत ती घोड्यावर बसू लागली होती. लाडू आले तेव्हा तिनं एका टिळ्याला गोदावरी पोहून पार केली होती. बद्रीनाथराव थक्क होऊन ऐकत होते आणि नातसून मागून म्हणाली, "आजोबा, तिसरा न्हाई." सगुणाबाई ओळीच्या टोकाला जेवत होती. पानातलं तिनं काय खाल्लं हे तिला सांगता आलं नसतं, इतका आनंद झाला होता.

निघायची वेळ झाली. चार वाजत आले होते, पिंपळगाव रेणुकाईच्या पाहुण्यांना आल्यापावली चहा पाजून परत लावायचं ठरलं होतं, आणि सगळं घर निरोपाला दारात उभं राहिलं. केशवराव अकरा वर्षांच्या सवयीनं डाव्या दाराशी गेले. त्यांचा हात कडीवर पडला. मग त्यांनी वर पाहिलं. बद्रीनाथराव पाहत होते, नातसून पाहत होती, गल्ली पाहत होती. ते दार धरून तसेच उभे राहिले आणि मागे आलेल्या सगुणाबाईकडे वळले. आक्का तिथंच होती, जगू तिथंच होता. पण त्यांच्यामार्फत सांगायचं तर पणजीच्या रीतीत ते कुठं बसत होतं?

"बसा," ते तिला म्हणाले. "लोक बघून राह्यले."

थोरल्या दिरानं तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. सगुणाबाईला हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले. बावीस वर्षं थांबून मिळालं ते हे, आणि तेही लोकांच्या भीतीनं. पण या दारात उद्या तारा येईल तेव्हा तिला कोणीतरी पहिल्याच दिवशी नाव घेऊन हाक मारेल, आणि ती उत्तर देईल.

"बसते," ती त्यांना म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं, आणि बसली.